बेटम्याचा गोठा सोडताना

आमच्या खानापूर-आटपाडी भागातलं पोरगं घर सोडतं ते बहुतेक गलाईसाठी. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात सोनं-चांदी गाळायच्या भट्टीपाशी विट्याचा नाहीतर आटपाडीकडचा माणूस सापडतो. माझे मामा इंदूरच्या सराफ्यात असेच बसलेले. बारावी झाल्यावर २०११ मध्ये मीही त्यांच्या दुकानात गेलो, पण तेजाबाच्या धुरानं छातीत घरघर सुरू झाली. मामांच्या ओळखीत एक शेठजी होते, बेटम्याच्या पुढं त्यांचा गायींचा मोठा फार्म होता. "पोरगं गुरातलं आहे" एवढ्या शिफारशीवर मामांनी मला तिथं चिकटवून दिलं.

बेटमा हे इंदूरहून धारकडं जाताना लागणारं गाव, देपालपूर तालुक्यातलं. विशीच्या आत गेलो आणि २०२३ मध्ये परत आलो तेव्हा तिशी ओलांडली होती. शेण ओढण्यापासून सुरुवात केली, सुटताना गोठ्याच्या सगळ्या वह्या माझ्या ताब्यात होत्या. आता गावातली पोरं विचारतात, बाहेरच्या फार्मवर जावं का, आणि गेलो तर परत कधी यावं. त्यांना पारावर बसून सांगतो तेच इथं लिहितोय.

१. पगाराचं बोलायच्या आधी माज ओळखायला शिका.

आमच्या घरी दोन खिलार गायी. माजावर आल्या की हंबरून आळी डोक्यावर घ्यायच्या. संकरित गायींच्या मोठ्या कळपात तसं नसतं. तिथं मुका माज फार. गाय दर एकवीस दिवसांनी फिरते, माज टिकतो बारा ते अठरा तास, आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीत निघून जातो. चुकला की पुढचे एकवीस दिवस ती नुसती खाणार. म्हणून पहाटे धारांच्या आधी बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारायची. सगळ्या रवंथ करत बसलेल्या असताना कोण एकटी उभी आहे, कुणाच्या शेपटीला बळस चिकटलाय, कोण दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकतेय, हे पाहायचं. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. रेतनाची कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती काढून सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि मग अजिबात वेळ घालवायचा नाही. हे सारं वरवर सोपं दिसतं. पण ज्याला ते साधतं त्याच्या पगाराची बोलणी त्याच्यासाठी वहीच करते. गाभण गायींचा आकडा शेठजींना न विचारता कळत असतो.

२. घरची गुरं छावणीत असताना परक्याच्या गायींना हिरवं घालावं लागेल, याची तयारी ठेवा.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या माणदेशात कुणाला नव्यानं सांगायला नको. चारा छावण्या पडल्या. वडील दोन्ही गायी घेऊन छावणीत मुक्कामाला गेले, तिथंच ताडपत्रीखाली झोपायचे. टँकरचं पाणी आणि मोजून मिळणारा ऊस. त्याच हिवाळ्यात बेटम्याला माझ्यासमोर गुडघाभर बरसीम उभा होता. गायी निवडून खायच्या, उरलेलं गव्हाणीतून काढून मी खड्ड्यात टाकायचो. वडील फोनवर विचारायचे, "काय घालता रे गायींना?" मी म्हणायचो, "भुसा." खोटं नव्हतं, गव्हाचा भुसा होताच. बरसीमचं नाव मात्र काढलं नाही.

मामा म्हणाले, "जाऊन काय करणार आहेस? तिथं एक तोंड वाढेल. पैसे पाठव." मी पैसे पाठवत राहिलो, आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. अशा वर्षी घरी धावत जाणाऱ्याचं कौतुक होतं, पण घर चालतं ते मनिऑर्डरवर. आता मनिऑर्डर कसली, मोबाइलवरून एका बोटानं जातात.

त्या वर्षात एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं. जलूदहून ते पाणी विंध्य चढवून आणलंय. पाणी वर चढतं हे मला तिथं दिसत होतं. आमच्याकडं कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून माणदेशात आणायची योजना मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. दरवर्षी आटपाडीला पाणी परिषद व्हायची, नागनाथअण्णा नायकवडींची भाषणं व्हायची, आणि आम्ही पोरं ती यात्रेसारखी ऐकायला जायचो. ते पाणी आमच्या शिवाराजवळ आलं की परत जायचं, हे मी त्या उन्हाळ्यात ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

३. सोडून जायचं कसं, हे भिलाल्यांकडून शिका.

फार्मवर धारा काढणारी, शेण उचलणारी, कुट्टी करणारी माणसं झाबुआ, अलिराजपूर आणि धारच्या डोंगरातली होती. बहुतेक भिल आणि भिलाला कुटुंबं. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडं भगोरिया भरतो. गावोगावच्या हाटात ढोल-मांदळ वाजतात, नवी लुगडी निघतात. त्या आठवड्यात माळव्यातला कुठलाही मालक मजुराला अडवू शकत नाही. दुप्पट मजुरी देतो म्हणा, ऐकायचे नाहीत. पहिल्या वर्षी मला वाटलं, काय बेफिकीर माणसं आहेत! गोठ्यात गायी कळा देतायत आणि हे निघाले नाचायला.

पुढं नीट पाहिलं तेव्हा दिसलं की त्यांच्या निघण्याला एक रीत आहे. आठवडाभर आधी हिशेब मागायचे आणि तो उभ्याउभ्या चुकता करून घ्यायचे. उसनं घेतलेलं ताट, कोयता, चादर ज्याची त्याला परत. बदलीच्या माणसाला हात धरून गोठा दाखवायचे. ही लाथ मारते, हिला आधी पेंड दाखव, हिच्या मागच्या डाव्या सडाला हळू. मग डोक्यावर गाठोडं, काखेत पोर, आणि बेटम्याच्या नाक्यावरून धारची बस. रडारड नाही, पाया पडणं नाही. यातले काही परत यायचे, काही पुढच्या वर्षी दुसऱ्याच मालकाकडं दिसायचे आणि रस्त्यात भेटले की तितक्याच मोकळेपणानं "राम राम" घालायचे.

आपल्याकडं नोकरी सोडणारा एक तर भांडून सोडतो, नाहीतर महिनाभर गळा काढत सोडतो. मालकही तसेच, एक तर शिव्या देणार नाहीतर सत्कार करणार. भिलाल्यांच्या लेखी ते एक काम होतं आणि ते नीट करायचं होतं. माझ्या वेळी मी त्यांचीच नक्कल केली.

४. रोगाच्या वर्षी सोडू नका.

टेंभूचं पाणी शिवाराजवळ आलं, म्हणून २०२२ च्या पावसाळ्यात मी शेठजींना दिवाळीनंतर जातो असं सांगितलं होतं. तेवढ्यात लम्पी आला. आधी गुजरात-राजस्थानातून बातम्या, मग रतलाम, मग उज्जैनकडून. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचायची हे त्या वर्षी सगळ्या देशानं केलं, आम्हीही केलं. गोठ्याभोवती कडुलिंबाचा धूर, माश्यांसाठी फवारणी, आजारी जनावर वेगळ्या शेडात, आणि त्याची देखभाल करणाऱ्यानं मोठ्या गोठ्यात पाय टाकायचा नाही. तो वेगळा माणूस मी झालो, कारण मला लेकरंबाळं नव्हती आणि माझं जेवण कुठंही चालायचं.

अंगभर गाठी आलेली गाय खात नाही, उठत नाही. तिला दिवसातून अनेकदा हातानं पाणी पाजायचं, फुटलेल्या गाठी धुवायच्या, किडे पडू द्यायचे नाहीत. बहुतेक उठल्या, काही गेल्या. जेसीबीनं खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. मी तेव्हाच निघून आलो असतो तर पगार कापला गेला नसता, कुणी तोंडावर बोललंही नसतं. पण पुढं कुठल्याही गोठ्याच्या दारात उभं राहून "मला गुरांचं कळतं" असं म्हणायची माझी छाती झाली नसती. वर्ष लांबलं ते लांबलं.

५. गोठ्याबाहेरचं गाव पाहून घ्या.

सुटी नसली तरी संध्याकाळच्या धारा झाल्यावर तासभर मिळतो. बेटम्यात गुरु नानकांच्या पायांची आठवण सांगणारा गुरुद्वारा आहे, बेटमा साहिब. खिसा रिकामा असताना मी तिथल्या लंगरात कितीदा जेवलो असेन, तिथं कुणी विचारत नाही. पितृपक्षात आसपासच्या वस्तीतल्या मुली फार्मवर ताजं शेण मागायला यायच्या. माळव्यात त्या दिवसांत भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. कुणाचं शेण चांगलं चिकटतं यावर त्यांची मतं ठाम होती आणि संकरित गायींच्या शेणाला त्या नाक मुरडायच्या. त्यांच्यासाठी आमच्या एका माळवी गायीचं शेण बाजूला ठेवावं लागे.

दिवाळीच्या पाडव्याला देपालपूरकडच्या गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होतं. तुर्रा आणि कलंगी असे दोन गट दारू भरलेली हिंगोटाची फळं पेटवून एकमेकांवर फेकतात. मी एकदा पाहिलं. पुन्हा जायची इच्छा झाली नाही, डोळे दोनच असतात.

आणि राजा भोजाचा ताम्रपट. १०२० सालचा, बेटम्यालाच सापडलेला. कोकण जिंकल्याच्या सणानिमित्त गाव दान दिल्याचं त्यात कोरलंय. फार्मवर इंदूरहून एक मास्तर दूध न्यायला यायचे, ते मला चिडवायचे, "हजार साल पहले हमने तुम्हारा मुल्क जीता था, भिया." मी म्हणायचो, "कोकण जिंकलं असेल, माणदेश कोण जिंकतंय? तिथं आहे काय!" शिवाय मध्ये होळकर येऊन गेले होते, त्याचा हिशेब त्यांनी कधी काढला नाही.

६. वहीत नसलेलं सांगून निघा.

माझ्या वहीत सगळं होतं. बिल्ला नंबर, भरल्याची तारीख, गाभण तपासणी, आटवायची तारीख, लसी. लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी. नवा माणूस बडवानीकडचा होता, शिकलेला होता, वही त्याला अर्ध्या दिवसात समजली. जे समजलं नसतं ते वेगळंच होतं. दुसऱ्या शेडातल्या पाण्याचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो. दूध थंड करायची टाकी चार अंश दाखवते तेव्हा आत पाच असतं. एक म्हातारी गाय व्यायच्या आधी हमखास शेवटच्या कोपऱ्यात जाते आणि माणूस जवळ आला की कळा थांबवते, तिला एकटं सोडायचं. चीक वासराला पहिल्या तासाभरातच पाजायचा, कुणी साहेब खरवसासाठी भांडं घेऊन आला तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचं. आणि वीजवाल्या लाइनमनला दर आठवड्याला दूध जातं, ते बंद करायचं नाही.

हे सांगायला महिना लागला. मी त्याच्याबरोबर फिरत राहिलो आणि शेवटचे काही दिवस मुद्दाम हात मागं बांधून उभा राहिलो. एका गायीचं वासरू आडवं आलं तेव्हासुद्धा हात घातला त्यानंच. मी फक्त बादली धरली.

७. निरोपाला गाय मिळाली तर नको म्हणा.

शेठजींनी जाताना एक चांगली गाभण कालवड देऊ केली. फार्मवरच्या सगळ्यांना वाटलं मी वेडा आहे, कारण मी हात जोडले. आरोग्य दाखला, दुसऱ्या राज्यात न्यायची कागदपत्रं, बिजासन घाटातून धुळ्याकडं उतरणारा ट्रक, पुण्यापर्यंतचा उन्हाळा, आणि पोचल्यावर गोठाच उभा नाही. गाय दारात येते तेव्हा तिच्यामागून चारा-पाण्याचं देणंही येतं. मी त्याऐवजी राहिलेला पगार, भविष्यनिर्वाह निधीचे कागद आणि अनुभवाचा दाखला लेटरहेडवर मागून घेतला. दाखल्यावर मी काय काय केलं ते स्पष्ट लिहायला लावलं. "मेहनती व प्रामाणिक" एवढ्यावर बँक कर्ज देत नाही. कालवडीचा भावनेचा भाग शेठजींच्या आईनं भरून काढला. माँसाबनी मला शेव-लाडवाचा डबा दिला आणि वर रागावल्या की इतकी वर्षं राहून लग्न मात्र केलं नाहीस.

८. शिकलेल्यातलं काय आपलं आणि काय त्या जमिनीचं, हे घरी आल्यावर कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मला यात गेला. बेटम्याची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात सोयाबीनच्या रानात पाय रुतायचा आणि गायींचे खूर महिना महिना ओले राहायचे. खूरसडा हा तिथला मोठा शत्रू. शेडाच्या तोंडाशी मोरचुदाच्या पाण्याचा हौद करायचा, गायी त्यातून चालवायच्या. मी त्यात तरबेज होतो. आटपाडीच्या मुरमाड माळावर खूर भिजतोय कुठं? ते ज्ञान बेटम्यालाच राहिलं. बरसीमही तिथंच राहिला. त्याला माळव्याची थंडी आणि हाताशी पाणी लागतं. इथं मी मका, कडवळ आणि लसूणघासावर आलो. माळव्यात उन्हाळ्यातही रात्री वारा गार सुटतो, गाय रात्री चरून घेते. आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये पत्रा रात्री उशिरापर्यंत धग देतो. म्हणून खाण्याच्या वेळा बदलाव्या लागल्या, शेडावर उसाचं पाचट टाकावं लागलं.

बरोबर आलं ते मुरघास. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, दाबून हवा काढायची, दीड महिना उघडायचं नाही. टेंभूचं आवर्तन येतं तेव्हा पाणी असतं, नसतं तेव्हा नसतं. ज्या भागात पाणी पाळीनं येतं तिथं हिरवं साठवून ठेवता येणं हीच खरी कमाई. पहाटेची बॅटरीची फेरी बरोबर आली. वही आली.

आणि खत आलं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इंदूरात राहूनही अनेकांना ते ठाऊक नाही. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं इंदूरला वनस्पती-उद्योगाची संशोधन संस्था उभी केली. तिथल्या शेतावर त्यानं पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ठरावीक वेळी परतून, तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत बसवली. ती पद्धत जगभर इंदूरच्या नावानं ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर हॉवर्डच्या नावाबरोबर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे. त्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेला. संस्था, शेत, बैल सारं तिथंच राहिलं. त्याच्यामागोमाग ही पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचली. मला हे त्या दूधवाल्या मास्तरांनी सांगितलं, आणि मग मी आमच्या फार्मवरचा शेणाचा उकिरडा पाहून लाजलो.

हॉवर्डचे खड्डे उथळ, दोनेक फूट खोल. पावसाळ्यात पाणी साचतं म्हणून तो खड्डा सोडून जमिनीवर ढीग लावायचा. बेटम्याला आम्हालाही तसंच करावं लागे. इथं माणदेशात मला बारा महिने खड्डाच चालतो, उलट ओल टिकवायला वरून झाकावं लागतं. डाळिंबाच्या बागायतदारांना हे खत हवं असतं. दुधाचा दर पडतो तेव्हा गोठा खतावर तगतो, हे मी आता हिशेबानं सांगू शकतो. गायी मी सांगोल्याच्या बाजारातून घेतल्या. दोन संकरित, आणि वडिलांच्या हट्टापायी एक खिलार. ती बेंदराला शिंगं रंगवून मिरवते आणि बाकी वर्षभर फुकट खाते. तिचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहितो.

९. फोन उचला, पण तारीख ठरवून.

पहिले दोन-तीन महिने बेटम्याहून दिवसाआड फोन यायचा. गाय खात नाही, वार पडली नाही, मोटर बसत नाही. मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. मग नव्या माणसाला सांगितलं, दिवाळीपर्यंत कधीही विचार, दिवाळीनंतर आधी डॉक्टरला विचार आणि मग मला. त्याला राग आला नाही. दिवाळीनंतर फोन कमी झाले, पुढं बंदच झाले, आणि त्या गोठ्याचं दूध माझ्या वेळेपेक्षा वाढलं असं मामांकडून कळलं. जरा लागलं, नाही असं नाही.

गेल्या महिन्यात मीच त्याला फोन केला. मुरघासाच्या बॅगा पिथमपूरला कारखान्याच्या भावात मिळतात का ते विचारायला. त्यानं दोन ठिकाणचे दर सांगितले, ट्रकचं भाडं वेगळं. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं गायीच्या दुधाला किती फॅटवर दर धरतात? म्हटलं, साडेतीन, आणि साडेआठ एसएनएफ. तो म्हणाला, "हमारे यहाँ भी लगभग वही है," आणि मग बराच वेळ आम्ही सरकीच्या भावाबद्दल बोलत बसलो.